जुन्या आउटबोर्डची ठिणगी : सीडीआय बदलण्याआधी आणि बदलताना

दोरी ओढून ओढून खांदा भरून आला तरी मशीन साधं फुरफुरतही नाही, तेव्हा होडीभोवती जमलेल्यांपैकी कुणीतरी हमखास सांगतं, ‘सीडीआय गेला.’ मग मुंबईला फेरी होते, ठिणगी सोडणारी ती काळी डबी विकत आणली जाते, जुनीच्या जागी बसवली जाते आणि पुष्कळदा मशीन होतं तसंच गप्प राहतं. दोष दुसरीकडेच असतो. विजेचा सुटा भाग एकदा बसवला की दुकानदार सहसा तो परत घेत नाही, त्यामुळे पैसे गेले ते गेलेच. म्हणून जुन्या आउटबोर्डची ठिणगी परत आणू पाहणाऱ्याला मी आधी हेच सांगेन की सीडीआयवर संशय सगळ्यात शेवटी घ्या. खाऱ्या हवेत त्याच्या आधी सडतात त्या वायरींची टोकं, अर्थिंगचे स्क्रू, मशीन थांबवायचं बटण आणि प्लगची टोपी. त्यांची तपासणी जवळपास फुकट होते आणि बऱ्याच मशीनांचं दुखणं तिथंच सापडतं.

वसई-विरारच्या किनाऱ्यावर या कामात एक वेगळी अडचण येते. पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव, अर्नाळा इथल्या मोठ्या बोटींच्या पोटात डिझेल इंजिन असतं. डिझेल दाबून तापलेल्या हवेत आपोआप पेटतं. त्याला ना प्लग लागतो, ना कॉइल. बंदरावरचे मिस्त्री त्या इंजिनात मुरलेले असतात. नोझल, पंप, गिअर यात त्यांचा हात धरणारा मिळणार नाही. पण खाडीत जाळं टाकणाऱ्या लहान होडीच्या मागे टांगलेलं पेट्रोलचं किंवा रॉकेलचं टू-स्ट्रोक मशीन ठिणगीवर जगतं, आणि हे काम कळायला जुना दुचाकीवाला मिस्त्री अधिक जवळचा. ज्यानं एके काळी चेतक आणि राजदूतचे प्वाइंट लावले आहेत, त्याला आउटबोर्डचं झाकण उघडून दाखवलं की निम्मं काम ओळखीचं वाटतं. फ्लायव्हीलला तो ‘मॅग्नेट’ म्हणतो आणि ठिणगीला ‘करंट’. इथंही तेच शब्द चालतील. मात्र दुचाकीचा सीडीआय आउटबोर्डला जोडून बघण्याची कल्पना त्यानं काढली तर ऐकू नका. ठिणगी नेमकी कधी पडावी याचा हिशेब प्रत्येक इंजिनाचा वेगळा असतो आणि ती फार लवकर पडू लागली तर पिस्टन तापून त्याला भोक पडतं.

हे काम घाईचं नाही, पण टाळण्याजोगंही नाही. आपल्या उत्तरेला वैतरणेचं मुख आहे आणि दक्षिणेला उल्हास नदीचं पाणी घेऊन येणारी वसईची खाडी. उधाणाच्या दिवसांत या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, आणि चढलेलं ते सगळं पाणी सहा-साडेसहा तासांत त्याच तोंडातून बाहेर पडतं. अशा ओढीत, मुखाजवळच्या वाळूच्या पट्ट्यांवर लाटा फुटत असताना, मशीन एका सिलिंडरवर आलं तर वल्ह्यांनी भागत नाही. अधूनमधून बंद पडणारं मशीन पूर्ण बंद पडलेल्या मशीनपेक्षा धोक्याचं, कारण ते तुम्हाला किनाऱ्यापासून दूर नेतं आणि मग दगा देतं.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. होड्या शाकारलेल्या असतात, मशीन उतरवून पडवीत ठेवलेलं असतं. ठिणगीचं काम काढायचा हाच काळ. फक्त पावसाळी दमट हवेत ओलावा धरलेल्या कॉइलचं माप खोटं येतं, त्यामुळे मोजमाप करण्याआधी झाकण काढून मशीन एक-दोन दिवस कोरड्या जागी पंख्याखाली ठेवा. आणि नारळी पौर्णिमा तोंडावर आल्यावर मॅग्नेट उघडू नका. जुन्या मॉडेलचा भाग मागवून यायला किती दिवस लागतील हे तुमच्या हातात नसतं.

आधी मशीनची नेमकी ओळख पटवा. ‘यामाहा पंधरा’ किंवा ‘जॉन्सन नऊ पॉइंट नऊ’ एवढ्यावर दुकानदार अंदाजानं भाग काढून देतो. मॉडेल आणि क्रमांकाची पट्टी होडीच्या पाठफळीला चिकटणाऱ्या कंसावर असते. मिठानं ती पुसली गेली असेल तर जॉन्सन आणि एव्हिनरूडच्या इंजिनाच्या माथ्यावर बसवलेली, नाण्याएवढी गोल धातूची चकती शोधा. तिच्यावरही मॉडेल कोरलेलं असतं. १९८० पासूनच्या जॉन्सन-एव्हिनरूडचं साल मॉडेलच्या अक्षरांतच दडलेलं आहे. ‘इंट्रोड्यूसेस’ या इंग्रजी शब्दाची दहा अक्षरं ओळीनं लिहा आणि त्यांना १, २, ३ असे अंक देत शेवटच्या अक्षराला शून्य द्या. मॉडेलमध्ये अश्वशक्तीनंतर येणाऱ्या अक्षरांत, शेवटचं अक्षर सोडून, त्याआधीची दोन अक्षरं म्हणजे सालाचे दोन अंक. ‘सी’ आणि ‘आर’ असतील तर ८ आणि ४, म्हणजे १९८४. यामाहाच्या भागांच्या क्रमांकातले पहिले तीन वर्ण मॉडेल सांगतात आणि मधले पाच अंक वस्तू सांगतात: ८५५४० म्हणजे सीडीआय, ८५५७० म्हणजे इग्निशन कॉइल. मधले अंक जुळले आणि पहिले तीन वर्ण वेगळे निघाले तर तो भाग दुसऱ्या मॉडेलचा आहे. तारा जुळल्या आणि स्क्रूची भोकं बसली म्हणून तो चालेल असं धरू नका.

जॉन्सन-एव्हिनरूड बनवणाऱ्या अमेरिकन ओएमसी कंपनीनं डिसेंबर २००० मध्ये दिवाळं काढलं, त्यानंतर ती नावं बॉम्बार्डियरकडे गेली आणि २०२० मध्ये एव्हिनरूडचं उत्पादन कायमचं थांबलं. तरीही त्यांचे ठिणगीचे भाग मिळतात, कारण अमेरिकेत सीडीआय इलेक्ट्रॉनिक्स आणि सिएरा यांच्यासारखे उत्पादक जुन्या मशीनांसाठी पर्यायी भाग अजून बनवतात. यामाहाची ‘एंड्युरो’ मालिका कोळ्यांच्या रोजच्या वापरासाठीच बनवलेली असल्यानं तिचे भाग मिळणं तुलनेनं सोपं.

आता तपासणी. पहिल्यांदा दोष ठिणगीचा आहे की पेट्रोलचा हे ठरवा. बराच वेळ दोरी ओढल्यावर प्लग काढा. प्लग पेट्रोलनं ओला निघाला तर इंधन पोहोचतंय आणि संशय ठिणगीवर जातो. कोरडा ठणठणीत निघाला तर आधी टाकी, नळी, कार्ब्युरेटर बघा. प्लगवर काळी चिकट काजळी दिसली तर तेल जास्त पडतंय, किंवा प्लग गरजेपेक्षा थंड आहे. इथं एनजीकेच्या क्रमांकाची रीत माहीत असलेली बरी. ‘बी७एचएस-१०’ मध्ये ‘बी’ म्हणजे १४ मिलिमीटरचा आटा, ‘एच’ म्हणजे साडेबारा मिलिमीटरच्या आसपास लांबी, मधला ७ म्हणजे उष्णतेची श्रेणी आणि शेवटचे १० म्हणजे एक मिलिमीटरची फट. एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड होतो. मशीनच्या पुस्तकात ७ लिहिलं असताना दुकानात ८ आहे म्हणून तो घालू नका. संथ गतीनं जाळं ओढताना तो काजळून बंद पडेल. ‘एच’च्या जागी लांब आट्याचा प्लग घालणं त्याहून वाईट, कारण त्याचं टोक पिस्टनला भिडू शकतं.

ठिणगी बघण्याआधी पेट्रोलची नळी मशीनपासून काढून टाकी लांब ठेवा आणि प्लगच्या भोकांवर कोरडं फडकं दाबा. सिलिंडरमधली वाफ बाहेर येते आणि शेजारीच ठिणगी पडली तर भडका उडतो. वायर हातात धरून ‘करंट येतो का’ बघणं बंद करा. सीडीआयच्या आतलाच दाब दोन-तीनशे व्होल्टचा असतो, आणि प्लगच्या वायरीतला हजारो व्होल्टचा. हृदयात पेसमेकर असलेल्या माणसानं या कामाजवळ थांबूच नये. वायर मोकळ्या हवेत लटकती ठेवूनही मशीन फिरवू नका. वीज बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती कॉइलच्या किंवा सीडीआयच्या आत वाट काढते आणि धडधाकट भाग जळतो. फट असलेला ठिणगी टेस्टर विकत मिळतो, तो घ्या आणि त्याची क्लिप इंजिनाच्या स्वच्छ धातूला लावा. प्वाइंटवाल्या, म्हणजे सीडीआयऐवजी उघडझाप करणाऱ्या तोंडांवर ठिणगी पाडणाऱ्या जुन्या मशीनला सहा मिलिमीटरची आणि सीडीआयवाल्याला अकरा मिलिमीटरची फट निळ्या, कडकड वाजणाऱ्या ठिणगीनं ओलांडता आली पाहिजे. नुसता प्लग बाहेर काढून इंजिनाला टेकवला तर अशक्त ठिणगीही दिसते आणि आपण फसतो, कारण सिलिंडरच्या आत दाबाखाली तीच ठिणगी विझते. दोरी जोरात ओढा. हे मशीन बॅटरीशिवाय स्वतःची वीज बनवतं, हळू फिरवलं तर ती पुरत नाही.

ही वीज कशी बनते हे डोळ्यांसमोर असेल तर पुढची तपासणी आपोआप सुचते. मॅग्नेटच्या आतल्या बाजूला चुंबकं बसवलेली असतात. ती खालच्या चार्ज कॉइलवरून फिरली की तिच्यात वीज तयार होते आणि सीडीआयमधल्या कॅपॅसिटरमध्ये साठते. पल्सर कॉइल पिस्टनची जागा बघून इशारा देते, त्या क्षणी सीडीआय साठलेली सगळी वीज इग्निशन कॉइलमध्ये सोडतो, कॉइल तिचा दाब कितीतरी पटींनी वाढवते आणि प्लगच्या फटीत ठिणगी पडते. थांबवायचं बटण या साखळीत मध्येच बसलेलं असतं. ते दाबलं की तयार झालेली वीज सरळ इंजिनाच्या धातूत, म्हणजे अर्थमध्ये जाते आणि मशीन थांबतं. म्हणजेच ते बटण आतून गंजून अडकलं, किंवा त्याच्या वायरीची साल खरवडून ती धातूला टेकली, तर मशीन सतत ‘बंद’च राहतं.

म्हणून दोन्ही सिलिंडरना ठिणगी नसेल तर पहिली चाचणी बटणाची. यामाहात ही वायर पांढरी असते, ओएमसीच्या मशीनमध्ये काळी-पिवळी. ती सीडीआयच्या बाजूनं सोडवा, टोक टेपनं गुंडाळा आणि पुन्हा दोरी ओढा. ठिणगी आली तर दोष बटणात, क्लिपमध्ये किंवा त्या वायरीत आहे. नवं बटण आणा, काम संपलं. मात्र ती वायर कायमची तोडून टाकायची नाही. हाताला बांधायची लाल दोरी आणि तिची क्लिप याच वायरीवर काम करतात. तांडेल पाण्यात पडला तर फिरता पंखा थांबवणारी दुसरी कुठलीच गोष्ट होडीवर नसते. बऱ्याच होड्यांवर ही क्लिप हरवलेली असते आणि तिच्या जागी सुतळी आवळलेली दिसते. हे मनापासून सांगतो, या वर्षी क्लिप विकत घ्या.

एकाच सिलिंडरला ठिणगी नसेल तर बटण निर्दोष आहे. त्या सिलिंडरच्या प्लगची टोपी आधी बघा. टोपी वायरीवर स्क्रूसारखी फिरवून काढता येते. यामाहाच्या पुष्कळ टोप्यांत पाच हजार ओहमच्या आसपासचा रोधक असतो. मल्टिमीटरनं मोजल्यावर काहीच आकडा येत नसेल तर टोपी मेली. आतल्या वायरीचं टोक हिरवं किंवा काळं पडलं असेल तर पाच-सहा मिलिमीटर छाटा आणि ताज्या तांब्यावर टोपी पुन्हा फिरवून बसवा. वायरीला बारीक चिरा असतील तर ते रात्री काळोखात कळतं. मशीन फिरवलं की निळी रेघ वायरीतून इंजिनावर उडी मारताना दिसते.

दोन सिलिंडरच्या मशीनमध्ये अदलाबदलीसारखी चांगली परीक्षा नाही, आणि ती फुकट आहे. दोन्ही कॉइल एकमेकींच्या जागी लावा. ठिणगीचा दोष कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरकडे गेला तर कॉइल खराब. दोष जुन्याच सिलिंडरवर राहिला तर कॉइल निर्दोष आणि संशय पल्सर कॉइल, वायर किंवा सीडीआयवर येतो. मल्टिमीटरनं कॉइलचे ओहम मोजता येतात: आतल्या जाड गुंडाळीचे अगदी थोडे, बारीक गुंडाळीचे हजारांत. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात बघा. पण या मापावर पूर्ण विसंबू नका. मल्टिमीटर दोन-चार व्होल्टनं मोजतो, कॉइल मात्र हजारो व्होल्टखाली काम करते. थंड असताना माप ठीक येतं आणि अर्ध्या तासानं मशीन तापलं की आतली चीर उघडते. ‘सकाळी एका दोरीत लागतं, अर्नाळ्याच्या पुढं गेलं की बंद पडतं, थोडा वेळ थांबलं की परत लागतं’ ही तक्रार ऐकली की कॉइल, चार्ज कॉइल किंवा सीडीआय तापून फुटतोय असं समजा आणि मशीन गरम असतानाच मोजा. चार्ज कॉइल किती वीज बनवते हे साध्या मल्टिमीटरला नीट कळत नाही, कारण ती झटक्यांत येते. त्यासाठी मल्टिमीटरला जोडायचा डीव्हीए नावाचा अडॅप्टर मिळतो. सीडीआयला दोषी ठरवण्याचा खरा मार्ग तोच. आत येणारी चार्ज आणि पल्सरची वीज पुरेशी आहे, अर्थ चांगलं आहे, बटण सोडवलेलं आहे आणि तरी बाहेर काही येत नाही, एवढं सिद्ध झालं की नवी डबी आणा.

एक दोष फार फसवा आहे. बऱ्याच लहान मशीनांत ठिणगी पुढे-मागे करण्यासाठी कॉइलची पूर्ण थाळी ॲक्सिलरेटरबरोबर फिरते. हँडल पिळलं की थाळी हलते आणि तिच्या वायरी दर वेळी वाकतात. काही वर्षांनी वायरीतलं तांबं आतल्या आत तुटतं आणि साल तेवढी शाबूत राहते. असं मशीन संथ गतीवर छान चालतं, हँडल ठरावीक जागी आलं की तुटक होतं. हँडल हळूहळू फिरवत वायरीचं सातत्य मोजलं की हे हातात येतं. मॅग्नेटखालच्या वायरी नव्यानं लावताना थाळी दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघा. वायर ताणली जाता कामा नये आणि मॅग्नेटला घासताही कामा नये.

सीडीआय किंवा बाहेरची इग्निशन कॉइल बदलणं हातानं जड नाही. आधी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढा आणि प्रत्येक वायरीला टेपची चिठ्ठी लावा. वर्षानुवर्षं न उघडलेले स्टीलचे स्क्रू ॲल्युमिनियममध्ये मिठानं जखडलेले असतात. जोर लावला की माथा तुटतो. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या, थोडी उष्णता द्या, मग ठोकून फिरणारा इम्पॅक्ट स्क्रू ड्रायव्हर वापरा. जुना भाग निघाल्यावर त्याच्या खालची जागा बघा. पुष्कळ सीडीआय आपली परतीची वीज याच स्क्रूतून इंजिनात सोडतात. तिथं पांढरी बुरशी किंवा रंग असेल तर नवा भागही मेल्यासारखा वागेल, आणि तुम्ही त्यालाही बाद ठरवाल. पॉलिश पेपरनं धातू चकचकीत करा, दातेरी वॉशर घाला, स्क्रू आवळा आणि मगच वरून गंजरोधक फवारा मारा. अर्थिंगच्या दोन धातूंच्या मध्ये ग्रीस भरू नका. बाकीच्या स्क्रूंच्या आट्यांना मात्र मरीन ग्रीस लावा, पुढच्या वेळी तुमचेच कष्ट वाचतील. वायरी पिळून काळी टेप गुंडाळणं खाऱ्या पाण्यात दोन-तीन महिनेही टिकत नाही. कल्हई केलेली तांब्याची वायर, क्रिम्प केलेलं टोक आणि आत गोंद असलेली आकसणारी नळी, एवढं करा. प्लगच्या टोपीच्या आत थोडं सिलिकॉन ग्रीस लावलं तर पाणी शिरत नाही.

प्वाइंट, कंडेन्सर, चार्ज कॉइल, पल्सर कॉइल यांच्यासाठी मॅग्नेट काढावा लागतो आणि इथं घाईनं सर्वात जास्त नुकसान होतं. मॅग्नेटला वरून तीन आटे पाडलेली भोकं असतात. त्यांत बोल्ट बसवून ओढणारा पुलर हवा. कडेला आकडे लावून ओढलं किंवा हातोडीनं ठोकलं तर आतली चुंबकं सुटतात, शाफ्ट वाकतो. पुलर नसेल तर वसई पूर्वेला वालीव, गोखिवरे, सातिवलीच्या औद्योगिक वसाहतींत लेथवर जाड पट्टीचा पुलर बनवून मिळू शकतो. विकतचा हवा असेल तर मुंबईत मशीदजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांची दुकानं आहेत. मल्टिमीटरसाठी लॅमिंग्टन रोड. जपानी मशीनला मिलिमीटरचे बोल्ट लागतात आणि अमेरिकन जॉन्सन-एव्हिनरूडला इंचाचे, हे आधी तपासा, नाहीतर भोकांचे आटे बाद होतील. नट सोडवताना मॅग्नेट पट्ट्याच्या पान्यानं धरा. सिलिंडरमध्ये दोरी कोंबून पिस्टन अडवण्याची रीत टू-स्ट्रोकमध्ये नको. दोरी सिलिंडरच्या खिडक्यांत अडकते आणि तिचे धागे आत राहतात.

मॅग्नेट निघाल्यावर शाफ्टमधली लहान अर्धगोल किल्ली बघा. ती वाकलेली किंवा अर्धी कापलेली असेल तर ठिणगी चुकीच्या वेळी पडत होती, आणि कदाचित तुमचा मूळ दोष तोच होता. ही किल्ली स्वस्त असते. पंखा दगडावर आपटलेला असेल तर नवीच घाला. मॅग्नेटच्या आतल्या चुंबकांना लोखंडाचा कीस चिकटलेला असतो, तो कापडानं पुसून काढा. जुन्या जॉन्सन-एव्हिनरूडमध्ये इग्निशन कॉइलही मॅग्नेटच्या खालीच असतात आणि वयानं त्यांच्या प्लास्टिकला चिरा पडतात. चीर दिसली की माप कितीही चांगलं येवो, कॉइल बदला. नवी बसवताना तिच्या लोखंडी पट्ट्यांची टोकं थाळीवरच्या कोरलेल्या कडेशी सरळ रेषेत आणा. बाहेर आली तर मॅग्नेटला घासतील, आत राहिली तर ठिणगी कमजोर पडेल.

प्वाइंट असलेल्या मशीनमध्ये प्वाइंट आणि कंडेन्सर जोडीनंच बदला. कंडेन्सर गळका असेल तर नवे प्वाइंट थोड्याच दिवसांत जळून काळे पडतात. फट फिलर गेजनं लावायची: जॉन्सन-एव्हिनरूडला वीस हजारांश इंच, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर, लहान जपानी मशीनांना साधारण ०.३५ मिलिमीटर. पुस्तकातला आकडा याहून वेगळा असेल तर तोच खरा. फट मोजताना प्वाइंट पूर्ण उघडतील इतका शाफ्ट फिरवा. शेवटी थिनरमध्ये भिजवलेला कोरा कागद दोन तोंडांमधून ओढून काढा, मग एक कोरडा कागद. बोटाच्या तेलाचा पातळ थरही करंट अडवतो, आणि नवे प्वाइंट लावूनही ठिणगी न येण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

मॅग्नेट परत बसवताना शाफ्टचा निमुळता भाग आणि मॅग्नेटचं भोक थिनरनं पुसून पूर्ण कोरडं करा. मॅग्नेट शाफ्टवर घट्ट राहतो तो या दोन कोरड्या पृष्ठभागांच्या पकडीमुळे. किल्लीचं काम फक्त जागा दाखवण्याचं. तेल लागलेलं असेल किंवा नट सैल राहिला तर पहिल्याच झटक्यात किल्ली कापली जाते. नट टॉर्क पान्यानं, पुस्तकातल्या आकड्याइतकाच आवळा. टॉर्क पाना शेजारच्या गॅरेजमधून मागून आणा, पण अंदाजानं हे काम करू नका. प्लग हातानं शेवटपर्यंत फिरवा आणि नव्या वॉशरसाठी त्यानंतर पाव ते अर्धा फेरा पान्यानं द्या.

चालवून बघताना मशीन पाण्याच्या पिंपात असावं. कोरडं चालवलं तर पाण्याच्या पंपाचं रबरी इम्पेलर मिनिटभरात जळतं आणि ठिणगी दुरुस्त करता करता इंजिन गमावून बसाल. पिंपात गोडं पाणी घाला, आतलं मीठही धुऊन निघेल. पहिली गोष्ट म्हणजे लाल दोरीची क्लिप ओढून बघा, मशीन ताबडतोब थांबलं पाहिजे. मग ते चांगलं तापेपर्यंत चालू ठेवा, कारण तापल्यावर येणारा दोष पाच मिनिटांच्या चाचणीत दिसत नाही. टेस्टर घेऊन एकेका सिलिंडरचा प्लग काढत बसायची गरज नाही. दोन्ही सिलिंडर चालत असतील तर आवाज एकसारखा येतो आणि संथ गती स्थिर राहते. नंतर प्लग काढून रंग बघा. फिकट तपकिरी असेल तर काम जमलं. दोघांचे रंग वेगळे निघाले तर एका बाजूला अजून काहीतरी बाकी आहे.

जुना सीडीआय नुसत्या शंकेवरून काढला असेल आणि तो चालू असेल तर फेकू नका. कोरड्या डब्यात, क्रमांकाची चिठ्ठी लावून ठेवा. होडीवर योग्य क्रमांकाचे दोन प्लग, प्लगचा पाना, एक टोपी, राखीव क्लिप आणि वल्ही असू द्या. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा आणि त्यात तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक आधीच साठवा. दुरुस्तीनंतरची पहिली फेरी खाडीच्या आतच मारा, शेजारच्या होडीला सांगून. भरती लागल्यावर निघा, म्हणजे मशीन बंद पडलंच तरी पाणी तुम्हाला बाहेर न ओढता बंदराच्या दिशेनं आणेल.